८० मिनिटांची सिम्फनी लिहून पूर्ण केली, पण ज्याच्या भरवशावर लिहिली त्या कंडक्टरनंच नाही म्हटलं

४ सप्टेंबर १८८७. ऑस्ट्रियातला एक संगीतकार त्या दिवशी ६३ वर्षांचा झाला. लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे घरी बायकापोरं नव्हती. वाढदिवसाच्या दिवशी गडी पत्र लिहायला बसला. तीन वर्षं खपून लिहिलेली त्याची आठवी सिम्फनी नुकतीच पूर्ण झाली होती आणि ही बातमी जगात सगळ्यात आधी एकाच माणसाला कळावी असं त्याला वाटत होतं. पत्राची सुरुवातच त्यानं देवाच्या जयजयकारानं केली. ज्याला पत्र लिहिलं त्याला तो कलेतला आपला बाप मानायचा. गंमत म्हणजे हा बाप त्याच्यापेक्षा १५ वर्षांनी लहान होता.

पत्र लिहिणारा होता अँटन ब्रुकनर. पत्र ज्याला गेलं तो होता म्युनिकचा कंडक्टर हर्मन लेवी.

महिनाभरानं उत्तर आलं. त्या उत्तरानं ब्रुकनरच्या आयुष्यातली पुढची काही वर्षं खाल्ली.

आता पहिला प्रश्न हा पडेल की एका कंडक्टरच्या होकाराला एवढं महत्त्व कशासाठी?

तर आपल्याकडे ख्याल गाणारा गायक मंचावर बसतो आणि राग तिथेच मांडतो. रचणारा आणि सादर करणारा बहुतेक वेळा एकच. युरोपातल्या सिम्फनीचं तसं नसतं. तिथे संगीतकार प्रत्येक वाद्याचा प्रत्येक सूर कागदावर उतरवतो. हा झाला नाटकाच्या संहितेसारखा प्रकार. ते वाजवायला ७०-८० वादक लागतात, हॉल लागतो, तालमी लागतात आणि या सगळ्यांना एका लयीत बांधणारा माणूस लागतो. तो म्हणजे कंडक्टर. त्यानं हात वर केला नाही तर संगीत कागदावरच पडून राहतं. १८८७ साली रेकॉर्डिंग नावाचा प्रकार बाल्यावस्थेत होता, त्यामुळे स्वतः लिहिलेलं स्वतःला ऐकायचं असेल तरी कुणीतरी कंडक्टर गाठावाच लागायचा.

ब्रुकनरचं निम्मं आयुष्य असे कंडक्टर गाठण्यात गेलं.

त्याचा जन्म १८२४ चा. ऑस्ट्रियातल्या लिंझ शहराजवळ आन्सफेल्डन नावाचं गाव आहे, तिथला. वडील गावातल्या शाळेत मास्तर होते. त्या काळी शाळामास्तरकडे चर्चमधलं संगीतही असायचं, त्यामुळे ऑर्गनशी ओळख लहानपणीच झाली. हा ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकातली पायपेटी नाही. भिंतभर नळ्या असलेलं, अख्खं चर्च हादरवणारं वाद्य. पोरगा १२ वर्षांचा असताना वडील गेले. आईनं त्याला जवळच्या सेंट फ्लोरियन मठात नेऊन सोडलं. तिथे तो चर्चमध्ये गायला लागला, पुढे तोही मास्तर झाला, मग मठाचा ऑर्गनवादक झाला आणि १८५५ च्या शेवटी लिंझच्या कॅथेड्रलमध्ये ऑर्गनवादकाची जागा मिळाली.

इथवरची गोष्ट ऐकून वाटेल की माणूस मार्गी लागला. पण ब्रुकनरला आपल्याला काही येतं यावर विश्वासच नव्हता. तिशी उलटल्यावर त्यानं व्हिएन्नातल्या सायमन झेख्टर या शिक्षकाकडे शिकवणी लावली आणि तीही बरीचशी पत्रानं. आजच्या भाषेत डिस्टन्स लर्निंग. १८५५ ते १८६१ अशी सहा वर्षं तो वह्याच्या वह्या भरून गृहपाठ पाठवत राहिला. शेवटी त्या कडक मास्तरलाच, बाबा रे जरा तब्येतीला जप, असं सांगावं लागलं. त्यानंतरच्या परीक्षेत त्याचं ऑर्गनवादन ऐकून एक परीक्षक म्हणाला की परीक्षा आम्ही याची नाही, यानं आमची घ्यायला हवी होती. एवढं होऊनही पठ्ठ्या पुन्हा दुसऱ्या शिक्षकाकडे शिकायला गेला. त्याची पहिली सिम्फनी आली तेव्हा तो चाळिशी ओलांडून गेला होता.

१८६८ साली तो व्हिएन्नाला आला. तिथल्या संगीत विद्यालयात प्राध्यापक म्हणून. व्हिएन्ना म्हणजे तेव्हाची संगीताची राजधानी. आणि हा माणूस आखूड ढगळ पँट घालणारा, गावाकडच्या बोलीत बोलणारा, घंटा झाली की हात जोडणारा. शहरानं त्याला गंभीरपणे घेतलं नाही. त्यात त्यानं आपली तिसरी सिम्फनी रिचर्ड वाग्नर या संगीतकाराला अर्पण केली. व्हिएन्नात त्या काळी वाग्नर विरुद्ध ब्राम्झ असे सरळसरळ दोन गट होते आणि तिथला सगळ्यात वजनदार समीक्षक एदुआर्ड हान्सलिक ब्राम्झच्या बाजूचा होता. त्यानं ब्रुकनरला पुढे कित्येक वर्षं सोडलं नाही.

ही तिसरी सिम्फनी १६ डिसेंबर १८७७ ला व्हिएन्नात वाजली. जो कंडक्टर ती करणार होता तो दोन महिने आधीच वारला, म्हणून ब्रुकनर स्वतः उभा राहिला. कार्यक्रम पार गंडला. एकेक भाग संपत गेला तसे लोक उठून जात राहिले. शेवटचा सूर संपला तेव्हा हॉलमध्ये मूठभर विद्यार्थी आणि चाहते उरले होते. वादकांनीही बाडबिस्तरा आवरला.

हा प्रसंग त्याच्या मनातून कधीच गेला नाही. पुढची सगळी पत्रं वाचताना हे डोक्यात ठेवावं लागतं.

सात वर्षांनी नशीब पालटलं. ३० डिसेंबर १८८४ ला लाइपझिगमध्ये आर्थर निकिश या तरुण कंडक्टरनं सातवी सिम्फनी केली. आणि १० मार्च १८८५ ला तीच सिम्फनी म्युनिकमध्ये हर्मन लेवीनं केली. म्युनिकला लोकांनी ब्रुकनरला डोक्यावर घेतलं. वयाच्या साठीत माणसाला पहिल्यांदा मोठं यश बघायला मिळालं.

लेवी साधासुधा माणूस नव्हता. ज्यू धर्मगुरूचा मुलगा, म्युनिकच्या दरबारी ऑपेराचा प्रमुख. वाग्नरच्या शेवटच्या 'पार्सिफल' या ऑपेराचा पहिला प्रयोग १८८२ साली त्यानंच केला होता. अशा माणसानं पाठीवर हात ठेवणं म्हणजे काय, हे व्हिएन्नात टिंगल सोसलेल्या ब्रुकनरलाच कळत असणार. सातव्या सिम्फनीत वाग्नरच्या मृत्यूचा शोक आहे. म्युनिकच्या त्या मुक्कामात लेवीनं वाग्नरचा ऑपेरा संपल्यावर, प्रेक्षक निघून गेल्यावर, वादकांना थांबवून घेतलं आणि तो शोकाचा तुकडा ब्रुकनरसाठी पुन्हा वाजवून दाखवला. तोही तीन वेळा.

लेवी तिथेच थांबला नाही. सिम्फनी छापायला पैसे उभे करण्यात त्यानं मदत केली. ती बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा याला अर्पण करता यावी म्हणून शब्द टाकला. १८८६ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाकडून ब्रुकनरला पदक आणि वार्षिक मानधन मिळालं, त्यामागच्या खटपटीतही लेवी होता. ब्रुकनर त्याला बाप म्हणायचा ते काही उगाच नाही.

तर अशा माणसाकडे सप्टेंबर १८८७ मध्ये आठव्या सिम्फनीचं बाड गेलं. ब्रुकनर एवढा खुशीत होता की त्याच महिन्यात त्यानं नववी लिहायला घेतली.

तिकडे म्युनिकमध्ये लेवीची झोप उडाली होती.

त्यानं बाड उघडलं, वाचलं, पुन्हा वाचलं. काही केल्या ते त्याला लागेना. सुरुवात भव्य वाटत होती, सूर दमदार होते, पण त्यांचा पुढे जो विस्तार केला होता तो पटत नव्हता. वाद्यांची मांडणी तर अशक्यच वाटत होती. सातव्या सिम्फनीची छाप जागोजाग दिसत होती आणि शेवटचा भाग म्हणजे कुलूपबंद खोली. लेवीपुढे दोनच रस्ते होते. न समजलेली सिम्फनी रेटून करायची आणि म्युनिकमध्येच ब्रुकनरचं नाव घालवायचं, नाहीतर नाही म्हणायचं आणि म्हाताऱ्याचं काळीज मोडायचं.

म्हणून त्यानं ३० सप्टेंबरला आधी ब्रुकनरला नाही, तर ब्रुकनरचा शिष्य जोसेफ शाल्क याला पत्र लिहिलं. आपली अडचण सगळी मोकळेपणानं मांडली आणि विचारलं की हे त्यांना सांगायचं कसं? अनेक दिवस सिम्फनीत डोकं घालून बसलेला आणि नकार कसा द्यावा हे न कळलेला माणूस त्या पत्रात दिसतो. लेवीला खलनायक करणं सोपं आहे, पण हे पत्र वाचलं की ते जमत नाही.

७ ऑक्टोबरला अखेर त्यानं ब्रुकनरलाच लिहिलं. सध्याच्या रूपात ही सिम्फनी मी करू शकत नाही, हे स्पष्ट सांगितलं. हिंमत सोडू नका, पुन्हा एकदा कामाला हात घाला, मित्रांशी बोला, शाल्कशी बोला, बदल केले तर बरंच साधेल, असा धीरही दिला.

ब्रुकनर कोसळला. १८ ऑक्टोबरला शाल्कनं लेवीला कळवलं की गुरुजींची समजूत काढता येत नाहीये, अजूनही ते सावरलेले नाहीत. पण त्याच पत्रात आणखी एक गोष्ट होती. गुरुजींनी पहिला भाग दुरुस्त करायला घेतलाय.

दहा-अकरा दिवस झाले होते फक्त.

हान्सलिकनं शिव्या घातल्या तर ब्रुकनर रडायचा, चिडायचा, पण त्याला सांगता यायचं की हा माणूस शत्रूच्या गटातला आहे. लेवीबद्दल तसं म्हणायची सोय नव्हती. आपला माणूस नाही म्हणतोय म्हणजे चूक आपलीच असणार, असा हिशोब त्यानं केला. फेब्रुवारी १८८८ च्या पत्रात तर त्यानं लेवीला लिहिलं की निदान या वेळी तरी मला स्वतःची लाज वाटायला हवी, आता ती सिम्फनी वेगळीच दिसायला लागली आहे.

आणि मग दुरुस्तीचं वेडच लागलं. फक्त आठवीच नाही, तर तिसरी बाहेर काढली, चौथीवर हात फिरवला, पुढे पंचवीस वर्षांपूर्वीची पहिलीही पुन्हा लिहिली. नववी तशीच बाजूला पडून राहिली. आठवीची नवी आवृत्ती पूर्ण व्हायला मार्च १८९० उजाडलं.

आता इथे गोष्ट जरा गुंतागुंतीची होते. कारण लेवीच्या नकारामुळे सिम्फनी बिघडली असं सरसकट म्हणता येत नाही. जुन्या आवृत्तीत पहिला भाग दणदणाटात संपायचा. नव्या आवृत्तीत ब्रुकनरनं तो शेवट काढून टाकला आणि सूर हळूहळू विझत, शांततेत संपवला. त्याच्या सिम्फन्यांचे पहिले भाग जोरात संपतात, हा एकच अपवाद. ज्यांनी तो ऐकलाय त्यांना तो विसरता येत नाही. संथ भागाच्या शिखरावर आधी सहा वेळा झांजा वाजत होत्या, तिथे दोनच उरल्या. दुसऱ्या भागाचा मधला तुकडा नवा लिहिला आणि त्यात हार्प आली. आज जगभर जास्त करून हीच दुसरी आवृत्ती वाजते. म्हणजे दुखावलेल्या माणसानं केलेलं काम आधीपेक्षा सरस झालं, असं मानणारे बरेच आहेत. शाल्क आणि मंडळींनी कानाशी लागून किती बदल करून घेतले, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

नवी आवृत्ती तयार झाली. सम्राट फ्रान्झ जोसेफनं आपल्याला अर्पण करायला होकार दिला, छपाईचा खर्चही दिला. आता लेवी करेल?

लेवीनं पुन्हा नाही म्हटलं. या वेळी कारण तब्येतीचं होतं. पण त्यानं एक नाव सुचवलं. मॅनहाइमचा कंडक्टर फेलिक्स वाइनगार्टनर, वय २७.

मग सुरू झाला पत्रांचा दुसरा अध्याय. ६६ वर्षांचा, सम्राटाचं पदक मिळालेला प्राध्यापक एका २७ वर्षांच्या पोराला विनवण्या करतोय. २७ जानेवारी १८९१ च्या पत्रात ब्रुकनर सिम्फनी सोप्या भाषेत समजावून सांगायला बसतो. पहिल्या भागात ट्रम्पेट आणि हॉर्न मृत्यूची वर्दी देतात. दुसरा भाग म्हणजे साधाभोळा जर्मन गावकरी, मिशेल. शेवटच्या भागात आपल्या सम्राटाची आणि रशियाच्या झारची भेट आहे, त्यात कोसॅक घोडेस्वार दौडतात, लष्करी बँड वाजतो. मागच्या वेळी न समजल्यामुळे नकार आला होता, या वेळी ती चूक नको, म्हणून हा खटाटोप असावा. हे खुलासे वाचून पुढच्या काळातले अभ्यासक जरा ओशाळतात. एवढ्या गहन संगीताला असलं शाळकरी वर्णन?

पण त्याच पत्रात आणखी एक विनंती आहे आणि ती वाचून थांबायला होतं. शेवटचा भाग खुणा केल्यात तिथे कापून वाजवा, नाहीतर तो फार लांब होईल, असं तो स्वतःच सुचवतो. पूर्ण रूपातला तो भाग पुढच्या काळासाठी आहे, असंही सांगतो. आणि तोवर जाणकार मित्रमंडळींच्या बैठकीपुरता.

२७ मार्चच्या पत्रात तर अजून स्पष्ट. लय हवी तशी बदला, त्याला हरकत नाही. पण मूळ बाडात हात घालू नका आणि छापताना काही बदलू नका. ही आपली फार आतून आलेली इच्छा आहे, असं त्यानं लिहिलं.

म्हणजे आयुष्यभर जो येईल त्याचं ऐकणारा, नकार आला की आपलीच चूक मानणारा हा माणूस एका जागी हटून बसला होता. वाजवताना हवं ते करा, कागदाला हात लावू नका.

मॅनहाइमला कार्यक्रम ठरला, पुढे ढकलला, पुन्हा ढकलला. या सिम्फनीला वाग्नर ट्यूबा नावाची खास वाद्यं लागतात. वाग्नरनं आपल्या ऑपेरांसाठी ती घडवून घेतली होती आणि प्रत्येक शहरात ती वाजवणारे नसायचे. तालमींना वेळ नव्हता. त्यातच वाइनगार्टनरला बर्लिनच्या दरबारी ऑपेरातून बोलावणं आलं. तो निघून गेला आणि आठवी पुन्हा कपाटात.

शेवटी ती वाजली १८ डिसेंबर १८९२ ला आणि तीही त्याच व्हिएन्नात, जिथे १५ वर्षांपूर्वी लोक उठून गेले होते. कंडक्टर हान्स रिख्टर, ऑर्केस्ट्रा व्हिएन्ना फिलहार्मोनिक. त्या दिवशी कार्यक्रमात दुसरी रचनाच ठेवली नव्हती. प्रत्येक भागानंतर टाळ्यांचा कडकडाट झाला. हान्सलिक शेवटचा भाग सुरू व्हायच्या आधी उठून गेला. झोपेतून दचकून उठलेल्या माणसाच्या हँगओव्हरसारखं हे संगीत आहे, अशा अर्थाचं त्यानं लिहिलं. पण भविष्यकाळ कदाचित याच शैलीचा असेल आणि तसा असेल तर त्या भविष्याचा आपल्याला हेवा वाटत नाही, हेही त्यानं कबूल करून टाकलं.

ब्रुकनर तेव्हा ६८ वर्षांचा होता. हृदय आणि पाय साथ देत नव्हते. व्हिएन्ना विद्यापीठानं त्याला आदल्या वर्षीच मानद डॉक्टरेट दिली होती. मान मिळत होता, वेळ उरला नव्हता. बाजूला ठेवलेली नववी त्यानं पुन्हा हातात घेतली. या वेळी राजा नाही, सम्राट नाही, ती त्यानं थेट देवाला अर्पण केली. नोव्हेंबर १८९४ पर्यंत तीन भाग पूर्ण झाले. चौथ्यावर काम चालू होतं. ११ ऑक्टोबर १८९६ ला सम्राटानं राहायला दिलेल्या बेल्वेडेर राजवाड्याच्या आवारातल्या घरात तो वारला. असं सांगतात की त्या दिवशी सकाळीही तो चौथ्या भागावरच बसला होता.

म्हणून नववी आजही बहुतेक वेळा तीन भागांचीच वाजते. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी १९६५ साली व्हिएन्ना फिलहार्मोनिकसोबत रेकॉर्ड केली तीही तेवढीच. लेवीचं पत्र आलं नसतं, दुरुस्त्यांमध्ये ती वर्षं गेली नसती, तर चौथा भाग झाला असता का? अभ्यासक हा प्रश्न दीडशे पानं लिहून विचारतात आणि उत्तर न देता पुस्तक मिटतात.

ब्रुकनरनं मात्र आपल्या बाजूनं एक बंदोबस्त करून ठेवला होता. १८९३ साली मृत्युपत्र केलं तेव्हा त्यानं आपल्या सिम्फन्यांची मूळ हस्तलिखितं व्हिएन्नाच्या शाही ग्रंथालयाला ठेवली. शिष्यांनी आणि कंडक्टरांनी कापलेल्या, रंगवलेल्या छापील आवृत्त्या बाजारात फिरत राहिल्या. १९०३ साली नववी पहिल्यांदा वाजली, तीही फर्डिनांड लोवे या शिष्यानं भरपूर फेरफार करून. मूळ नववी कशी होती हे लोकांना कळलं १९३२ मध्ये. म्युनिकमध्ये एकाच संध्याकाळी आधी लोवेची आणि मग ब्रुकनरची, अशा दोन्ही आवृत्त्या वाजवल्या गेल्या. त्यानंतर ग्रंथालयातली बाडं एकेक करून छापायला निघाली.

त्याच बाडांमध्ये १८८७ ची आठवीही होती. जिच्यावर लेवी अडला, ती. पहिला भाग दणदणाटात संपणारी, सहा झांजांची. १९७२ मध्ये ती छापली गेली आणि २ सप्टेंबर १९७३ ला हान्स-ह्यूबर्ट शोन्झेलर या कंडक्टरनं बीबीसीसाठी ती पहिल्यांदा पूर्ण वाजवली. ब्रुकनरनं लेवीला ते आनंदाचं पत्र लिहिलं, त्याला तेव्हा दोन दिवस कमी ८६ वर्षं झाली होती.